सुई हलली तेव्हा

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडलेली असे. टाके सुकलेले असत, जखम भरून आलेली असे, तपासणीच्या टेबलावर सारे अवयव जागच्या जागी दिसत. शल्यविशारदाच्या लेखी प्रकरण मिटलेले असे. आणि काही महिन्यांनी तीच बाई खालमानेने दवाखान्याची पायरी पुन्हा चढे. खोकल्याची उबळ आली की लघवी निसटते, मोकळेपणाने हसायची चोरी झाली आहे, जड पिशवी उचलली तरी कपडे ओले होतात. तक्रार तीच, अगदी पहिल्या दिवशी सांगितली होती तीच.

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील एका स्त्रीरोगतज्ज्ञाला हे कोडे स्वस्थ बसू देईना. आयोवा राज्यात १८९४ साली जन्मलेले अर्नोल्ड हेन्री केगल हे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवीत असत. रचना तर दुरुस्त झाली, मग काम का दुरुस्त होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचा माग काढता काढता ते जिथे पोहोचले तिथे चाकू नव्हता आणि औषधही नव्हते. होता तो वैद्यकाने दुर्लक्षिलेला एक स्नायू, रबराची एक छोटी नळी आणि दाबाचे आकडे दाखवणारी एक तबकडी.

कोडे नीट उमजायचे तर आधी त्या स्नायूची जागा पाहायला हवी. ओटीपोटाच्या अगदी तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक पट्टा झोळीसारखा बांधलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिघांना तो खालून आधार देतो. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग त्याच्यामधूनच बाहेर येतात. खोकताना पोटातला दाब एकदम उसळतो, तेव्हा हा पट्टा क्षणार्धात आवळला जातो आणि मूत्रमार्ग मिटून धरतो. बाळंतपणात तो कमालीचा ताणला जातो. कधी त्याचा काही भाग हाडापासून सुटतोही. तरुणपणी उरलेले तंतू वेळ निभावून नेतात. पाळी गेल्यावर मात्र चित्र पालटते. इस्ट्रोजेन ओसरते, मूत्रमार्गाचे आणि योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, त्याखालचा रक्तपुरवठा रोडावतो आणि वयाबरोबर शरीरातले इतर स्नायू झिजतात तसा हाही झिजतो. तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणातली इजा पन्नाशी उलटल्यावर अशी डोके वर काढते.

या दुखण्यावर उतारा शोधणारे केगल काही पहिले नव्हते. १९१४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील विख्यात स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी मूत्राशयाच्या मुखाशी टाके घालून ते आवळण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि पुढची कित्येक वर्षे जगभरचे शल्यविशारद तीच वाट तुडवीत राहिले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, स्वीडनमधील थुरे ब्रांट या लष्करी अधिकाऱ्याने मर्दन आणि व्यायाम यांच्या जोरावर अंग बाहेर येण्यावर उपचार सुरू केले होते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मिनी रँडेल यांनी बाळंतिणींसाठी व्यायामाची शिस्त बसवली, आणि त्यांच्या साथीला आली मार्गारेट मॉरिस नावाची नर्तिका. रंगमंचावरची ही बाई शरीरशास्त्राच्या ओढीने रुग्णालयात शिरली, फिजिओथेरपीची रीतसर परीक्षा उत्तीर्ण झाली आणि १९३६ साली तिने बाळंतपणानंतरच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवर पुस्तक लिहिले. ओटीपोटाचा तळ आवळणे आणि सैल सोडणे ही क्रिया त्यात होती.

आपल्याकडे तर या स्नायूची ओळख त्याहून जुनी. हठप्रदीपिकेतील मूलबंधात गुदद्वाराचे आकुंचन करून अपान वर ओढायला सांगितले आहे. अर्थात त्या ग्रंथाचा रोख साधकाकडे होता, ओल्या कपड्यांनी कावलेल्या बाईकडे नव्हता. शरीराच्या आत काय घडते ते मोजून पाहावे, ही दृष्टी मात्र महाराष्ट्रात केगल यांच्याही आधी उगवली होती. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब किती उतरतो हे दाबमापक लावून तपासले आणि ते आकडे ‘योगमीमांसा’त छापले. लोणावळ्याचा हा प्रयोग लॉस एंजेलिसला ठाऊक असल्याचा काही पुरावा नाही. तरीही स्नायूच्या हुकमतीचे मोजमाप दाबमापकाने करता येते, ही एकच कल्पना दोन खंडांत दोन निरनिराळ्या हेतूंनी वापरली गेली, याची नोंद शोधकथेत व्हायलाच हवी.

आता पुन्हा लॉस एंजेलिसकडे वळू. केगल यांनी तपासणीची पद्धतच बदलली. केवळ डोळ्यांनी पाहून ते थांबेनात. योनिमार्गात बोट ठेवून ते बाईला आतून आवळायला सांगत आणि स्नायू काय उत्तर देतो ते बोटाच्या स्पर्शाने अजमावीत. उत्तर बहुधा येतच नसे. पट्टा पातळ, मलूल आणि निश्चल लागे. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे, त्या जागी आपल्याला हलवता येईल असे काही आहे याची पुष्कळ स्त्रियांना कल्पनाच नव्हती. नुसता दुबळेपणा असता तर निराळे. इथे मेंदू आणि स्नायू यांच्यातला परिचयच पुसट झालेला होता. शस्त्रक्रियेने सैल पडलेले भाग जवळ आणले तरी हा परिचय टाक्यांनी कसा जुळणार? आपल्या कोड्याची पहिली उकल केगल यांना इथे गवसली.

उकल गवसली, पण उपाय हुलकावणी देत राहिला. आवळण्याचा सराव करा, असे सांगून बायकांना घरी पाठवले की त्या मनापासून सराव करीत आणि निराश होऊन परत येत. तपासणीत कारण उघड होई. कुणी पोट आत ओढत होती, कुणी नितंब घट्ट करीत होती, कुणी मांड्या एकमेकींवर दाबत होती. काही जणी तर नेमके उलटे, शौचाला बसल्यासारखा खाली जोर करीत होत्या. म्हणजे आधीच वाकलेल्या पट्ट्यावर रोज नवा भार टाकीत होत्या. चेहरा लाल होई, श्वास कोंडे, कपाळावर घाम डवरे, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो स्नायू मात्र जागचा हलत नसे.

व्यायामाची कल्पना इथेच बारगळली असती. दंडाचा व्यायाम करणाऱ्याला दंड फुगलेला दिसतो, पाय उचलणाऱ्याला पाय उचललेला दिसतो. या स्नायूचे दुर्दैव असे की तो दिसत नाही, त्याची हालचाल दिसत नाही, आणि तो वाढला किंवा खंगला तरी आरशात काही उमटत नाही. शिकणाऱ्याला चूक कळत नाही आणि बरोबर आले तरी तेही कळत नाही. अशा आंधळ्या सरावात उमेद किती दिवस तग धरणार?

नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत स्नायूंच्या उपचारांविषयीचे विचार ढवळून निघत होते. दुसऱ्या महायुद्धातून गुडघे निकामी होऊन परतलेल्या सैनिकांवर थॉमस डिलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टराने वजने उचलण्याचे उपचार सुरू केले आणि १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुबळ्या स्नायूला विश्रांतीत ठेवण्याऐवजी त्याला झेपेल इतका भार द्यायचा, तो झेपू लागला की वाढवायचा आणि प्रत्येक टप्पा लिहून ठेवायचा, अशी ती रीत. पुढे ती वाढत्या प्रतिरोधाचा व्यायाम म्हणून नावाजली. केगल यांच्या पुढच्या निबंधाच्या मथळ्यातही हेच शब्द आले. फक्त त्यांच्यापुढचा पेच अधिक अवघड होता. ओटीपोटाच्या तळाला वजन टांगायचे कसे, आणि टांगले तरी प्रगती मोजायची कशी?

उत्तर दिसायला अगदी साधे निघाले. हवा भरलेली रबराची एक छोटी, लांबट पिशवी. तिला जोडलेली लवचीक नळी. नळीच्या दुसऱ्या टोकाला पाऱ्याच्या शून्य ते शंभर मिलिमीटरपर्यंतचा दाब दाखवणारी गोल तबकडी. पिशवी योनिमार्गात ठेवायची आणि आवळायचे. स्नायूने पिशवी दाबली की आतली हवा नळीतून सरकायची आणि तबकडीवरची सुई हलायची. पिशवी हाच प्रतिरोध, आणि सुई हीच मोजपट्टी. या उपकरणाला त्यांनी पेरिनिओमीटर असे नाव दिले.

यंत्रातली खरी मेख मात्र तबकडीच्या तोंडात होती. ते तोंड डॉक्टरांकडे वळवलेले नसे. बाई स्वतः त्या सुईकडे पाहत असे. पहिल्या खेपेला पुष्कळ जणींची सुई जेमतेम थरथरे आणि शून्यापाशी घुटमळे. मग कधीतरी, अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर, आत कुठेतरी नेमका धागा हाताला लागे आणि सुई दोन रेघा वर सरके. बाईने सैल सोडले की सुई खाली. पुन्हा आवळले की पुन्हा वर. आपल्या शरीराच्या ज्या कोपऱ्याशी आयुष्यभर बोलणेच झाले नव्हते, तो कोपरा आकड्यांच्या भाषेत उत्तर देऊ लागला होता. न दिसणारा स्नायू दिसू लागला, आणि ज्या क्षणी तो दिसला त्या क्षणी तो शिकण्याजोगा झाला. शरीराची आतली हालचाल माणसाला दाखवून त्यावर ताबा मिळवून देण्याच्या या तंत्राला ‘बायोफीडबॅक’ हे नाव पडायला अजून वीसेक वर्षे अवकाश होता. केगल यांच्या दवाखान्यात ते आधीच कामाला लागले होते.

उपचाराची शिस्त कडक होती. उपकरण घरी न्यायचे, दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे सराव करायचा आणि सुई कुठवर पोहोचली ते टिपून आणायचे. शिवाय ठरावीक दिवसांनी डॉक्टरांकडे येऊन आपण योग्य तोच स्नायू आवळतो आहोत याची खातरजमा करून घ्यायची. आठवड्यांमागून आठवडे आकडे चढत गेले. पातळ, मलूल लागणारा पट्टा बोटाला भरीव लागू लागला. आणि ज्या तक्रारीसाठी बायका आल्या होत्या, ती एकेकीची ओसरू लागली.

ऑगस्ट १९४८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी’त केगल यांचा निबंध झळकला. बायकांच्या या कुचंबणेवर चाकूशिवाय उपाय आहे आणि तो त्यांच्याच स्नायूंत आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यांनी जाहीर केलेले बरे होण्याचे प्रमाण ८४ टक्के होते. तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट त्यांच्या कामात नव्हता, आणि आजच्या कसोट्या लावल्या तर हा आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण दार उघडले होते एवढे खरे.

त्या दारातून एक अनपेक्षित पाहुणाही आत आला. लघवीची तक्रार घेऊन आलेल्या काही स्त्रिया संकोचत आणखी एक गोष्ट सांगू लागल्या. सरावाला सुरुवात केल्यापासून पतीच्या सहवासातली सुखाची जाणीव वाढली होती. काहींना ती पहिल्यांदाच लाभत होती. ज्याच्यासाठी यंत्र बनवलेच नव्हते असा हा लाभ. केगल यांनी तो हसण्यावारी नेला नाही की चारचौघांत बोलायचा विषय नाही म्हणून दडपलाही नाही. १९५२ साली त्यांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. स्त्रीच्या कामजीवनाविषयी चकार शब्द काढायला कचरणाऱ्या त्या काळात हे धाडसच होते.

इतके होऊनही विजयाचा नगारा वाजला नाही. १९४९ मध्येच न्यूयॉर्कच्या मार्शल, मार्चेटी आणि क्रँट्झ या तिघांनी मूत्राशयाची मान जघनास्थीमागे टाक्यांनी टांगून धरणारी नवी शस्त्रक्रिया जाहीर केली. शस्त्रक्रिया तासाभराची, व्यायाम महिनोन् महिन्यांचा. डॉक्टरांना आणि रुग्णांनाही पहिला मार्ग सोयीचा वाटला. १९६१ मध्ये बर्च यांनी त्यात सुधारणा केली आणि शल्यचिकित्सेचा पगडा आणखी घट्ट झाला. केगल यांचे नाव मागे उरले ते एका सोप्या सल्ल्याच्या रूपाने. ‘आतून आवळा आणि सोडा’ असे एका वाक्यात सांगायचे, फार तर एक कागद हातात ठेवायचा आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवायचे. पिशवी गेली, नळी गेली, सुई गेली, बोटाने तपासून खात्री करून घेणेही गेले. शोधाचा प्राण काढून घेऊन त्याचे कलेवर तेवढे घरोघर पोहोचले. साहजिकच ते काम करीना, आणि काम करीना म्हणून व्यायामालाच बोल लागला.

तीस वर्षे लोटली. १९८० च्या दशकात नॉर्वेत कारी बो नावाच्या फिजिओथेरपिस्टने हा विषय पुन्हा हाती घेतला. त्या ऑस्लोतील क्रीडाविज्ञानाच्या विद्यालयात काम करीत, आणि खेळाडूचा स्नायू कसा घडतो हे त्यांना मुळातून ठाऊक होते. कोणताही स्नायू अर्धवट जोराने, अधूनमधून, लक्ष नसताना आवळून बळकट होत नाही. मग याच स्नायूकडून तशी अपेक्षा का करावी, असा त्यांचा रोकडा सवाल होता. केगल यांच्या यंत्रातली एक खोचही संशोधकांनी ओळखली होती. बाईने चुकून खाली जोर केला तरी पिशवीवर दाब येतो आणि सुई चढते. म्हणजे एकट्या सुईवर भिस्त ठेवून चालणार नाही. पट्टा आत आणि वर ओढला जातो आहे ना, हे आधी पाहिले आणि चाचपले पाहिजे. केगल बोटाने तपासत होते ते उगाच नव्हे.

१९९० साली बो यांनी ५२ स्त्रियांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांना योग्य आकुंचन एकेकटीने शिकवले होते आणि घरी करायचा व्यायामही सर्वांना सारखाच होता. एका गटाला मात्र त्याखेरीज आठवड्यातून एकदा एकत्र जमवून, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, पूर्ण जोर लावून सराव करवला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांना विचारले. आपण कोरड्या किंवा जवळजवळ कोरड्या आहोत असे सांगणाऱ्या स्त्रिया घरच्या घरी व्यायाम करणाऱ्या गटात १७ टक्के होत्या; देखरेखीखालच्या गटात ६० टक्के. व्यायाम तोच, स्नायू तोच. तफावत पडली ती कुणीतरी लक्ष देत होते आणि जोर मागत होते यामुळे.

दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतून त्याला दुजोरा मिळाला. रिचर्ड बंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना दिल्या आणि मग त्या नेमके काय करतात ते यंत्राने पाहिले. जेमतेम निम्म्या जणींना आकुंचन नीट जमले. चौघींपैकी एक तर अशा रीतीने जोर लावत होती की त्याने लघवी निसटण्याची खोड उलट वाढावी. चाळीस वर्षांपूर्वी केगल यांना ज्या चुका दिसल्या होत्या, त्याच सुईविना पुन्हा उगवल्या होत्या.

आणि मग मिशिगन विद्यापीठात एक नवेच दालन उघडले. जॅनिस मिलर, जेम्स ॲश्टन-मिलर आणि जॉन डीलॅन्सी यांनी सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या २७ स्त्रियांना बोलावले. या वयस्क स्त्रिया होत्या. सरासरी वय ६८. पाळी जाऊन एक जमाना उलटलेला. चाचणीसाठी लागले काय, तर हात पुसायचा कागद. बाईने उभे राहायचे, घडी घातलेला कागद खाली धरायचा आणि खोकायचे. कागदावर ओल किती पसरली ते मोजायचे. मग तिला एकच युक्ती शिकवली. खोकला येतो आहे असे वाटताच, खोकण्याच्या क्षणभर आधी, ओटीपोटाचा तळ आवळून धरायचा आणि खोकला संपेपर्यंत सोडायचा नाही.

एका आठवड्याने त्या परत आल्या. पुन्हा कागद, पुन्हा खोकला. आवळून खोकल्यावर कागदावरची ओल मध्यम खोकल्यात सरासरी ९८ टक्क्यांनी आणि खोल खोकल्यात ७३ टक्क्यांनी घटली होती. या निकालाने संशोधकांच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही, कारण आठ दिवसांत कोणताही स्नायू जाड होत नाही. बळ होते तितकेच होते. बदलली होती ती वेळ. दुबळा स्नायूही नेमक्या क्षणी हाकेला आला तर पुरेसा ठरतो, आणि हे शिकायला अडुसष्टावे वर्ष मुळीच उशिराचे नाही. १९९८ मध्ये छापून आलेली ही युक्ती ‘द नॅक’ या नावाने फिजिओथेरपीच्या वर्गांतून आज शिकवली जाते.

त्याच वर्षी कॅथरिन बर्जिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा बुरूज सर केला. खोकल्याशी संबंध नसलेली, अचानक दाटून येणारी आणि न्हाणीघर गाठण्याआधीच दगा देणारी घाईची लघवी उतारवयात फार छळते. ५५ ते ९२ वर्षे वयाच्या १९७ स्त्रियांचे त्यांनी तीन गट केले. एकाला औषध, एकाला औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी, आणि एकाला स्नायूंचे शिक्षण. या तिसऱ्या गटाला शिकवले ते असे की घाई आली तरी धावत सुटायचे नाही. जागीच थांबायचे, तळ काही वेळा आवळायचा, लाट ओसरू द्यायची आणि मग सावकाश चालत जायचे. लघवी निसटण्याचे प्रसंग नुसत्या गोळीने सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले, औषधाने सुमारे ६९ टक्क्यांनी, आणि स्नायूंच्या शिक्षणाने जवळपास ८१ टक्क्यांनी. व्यायामाने औषधावर मात केली होती.

१९९९ मध्ये कारी बो यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चार गटांची तुलना मांडली. व्यायाम करणाऱ्या २५ जणींपैकी १४ जणींनी आता आपल्याला त्रास उरला नाही असे सांगितले. विजेची उत्तेजना घेणाऱ्यांत तशा तिघीच होत्या, योनीत वजनाचे शंकू धरणाऱ्यांत दोघी आणि उपचाराविना राहिलेल्यांत एकच. पुढे जगभरच्या चाचण्यांचा पसारा वाढत गेला. २०१८ साली कॉक्रेन संस्थेने १४ देशांतील ३१ चाचण्या एकत्र पारखल्या. खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांमध्ये, व्यायाम करणाऱ्यांनी बरे झाल्याचे सांगण्याची शक्यता न करणाऱ्यांच्या आठपट निघाली. केगल यांचा ८४ टक्क्यांचा आकडा टिकला नाही, पण त्यांचा दावा टिकला.

तरी एक अडसर उरलाच होता. शिकवणारी माणसे मोजकी, आणि गरजू स्त्रिया अगणित. प्रत्येकीला एकेकटीने शिकवायचे म्हटले तर जन्म पुरायचा नाही. कॅनडात मॉन्ट्रियलच्या शांताल दुमुलँ यांनी या अडसराला हात घातला. साठी ओलांडलेल्या ३६२ स्त्रिया त्यांनी निवडल्या. सर्वांना आधी एकदा तपासून योग्य आकुंचन शिकवले. मग निम्म्या जणींना बारा आठवडे एकेकटीचे धडे, आणि निम्म्या जणींना आठ-आठच्या घोळक्यात एकत्र वर्ग. वर्षभराने मोजदाद झाली तेव्हा लघवी निसटण्याचे प्रसंग एकेकटीने शिकलेल्यांत ७० टक्क्यांनी आणि घोळक्यात शिकलेल्यांत ७४ टक्क्यांनी उतरलेले होते. २०२० साली हा निकाल प्रसिद्ध झाला. आठ जणी एकत्र बसून शिकल्या तरी गुण तितकाच, हे सिद्ध झाले.

महाराष्ट्रासाठी या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. पंचावन्न-साठीची बाई हे दुखणे लेकीला सांगत नाही, सुनेला तर नाहीच. ती लांबच्या प्रवासात घोटभर पाणी पीत नाही, लग्नाला जायचे टाळते, आत घडी घेऊन वावरते आणि ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून विषय मिटवते. फिजिओथेरपिस्टपुढे एकटीने बसायला ती बिचकेल. पण हळदीकुंकवाला जमणाऱ्या, भिशी चालवणाऱ्या, बचत गटात नेमाने हजेरी लावणाऱ्या या बायकांना आठ जणींचा वर्ग काही परका वाटणार नाही. अशा वर्गाला लागते ती एक खोली, जाणकार शिक्षिका आणि बारा आठवड्यांची चिकाटी.

कृती म्हणून पाहिले तर सारे थोडक्यात सांगता येते. वारा सरू नये म्हणून आणि लघवी अडवावी म्हणून जे आवळतो ते दोन्ही एकदम, आत आणि वर ओढायचे. पोट, नितंब, मांड्या सैल ठेवायच्या, श्वास कोंडायचा नाही. सहा-आठ सेकंद धरून तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे; आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच धार अडवून बघण्याचा सराव करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होण्याची सवय बिघडू शकते. लघवीतून रक्त जात असेल, दुखत असेल किंवा अंग बाहेर येत असेल तर आधी डॉक्टर गाठायला हवा. आणि ज्यांचा तळ सैल नसून कायमचा आखडलेला असतो त्यांना आधी सोडायला शिकावे लागते.

अशा सूचना १९५० नंतरही लोकांना तोंडपाठ होत्या आणि तरीही तीस वर्षे फुकट गेली, हा या शोधाच्या इतिहासाने शिकवलेला धडा आहे. केगल यांनी आवळणे शोधले नाही. ते लंडनच्या नर्तिकेला आणि हठयोग्यालाही माहीत होते. नेमके जमले की नाही हे त्या बाईलाच कळले पाहिजे, ही गोष्ट त्यांनी शोधली. सुईने कळो, तपासणाऱ्या बोटाने कळो किंवा हात पुसायच्या कागदाने कळो. म्हणून पाळी गेलेल्या कोणत्याही बाईने या व्यायामासाठी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गाठला, तर कागदावरच्या सूचना घेऊन घरी परतण्याआधी एक मागणी जरूर करावी: मी करते ते बरोबर आहे का, हे एकदा तपासून सांगा.